पावनखिंडीच्या पुढं: कासारी खोऱ्यातल्या मोडलेल्या वाटा कुणी चालल्यात का?

पायताण_फाटलेला

मंडळी, पन्हाळा ते पावनखिंड माझं चार वेळा झालंय. तीनदा आषाढात, एकदा थंडीत. आषाढातल्या तिन्ही वेळी मला वाट दिसलीच नाही, पुढच्याची पाठ दिसली. मसाई पठारावर धुक्यात रांग, करपेवाडीत चहाला रांग, आणि खिंडीत लोखंडी शिडीवर तर अंबाबाईच्या दर्शनमंडपात उभं राहिल्यासारखं. २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेल्यापासून गर्दी आणखी वाढणार हे वेगळं सांगायला नको.

थंडीत मात्र एकटा गेलो. खिंडीत माणूस नाही, पाणी घोट्याएवढं. परत येताना मुद्दाम मळलेली वाट सोडली आणि कासारी नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या घळीत उतरलो. दोन्हीकडं काळा कातळ, वर जांभ्याची लाल कड, मधे आभाळाची चिंचोळी पट्टी. एका वळणावर कातळात पावट्या, म्हणजे पाय ठेवायच्या खोबण्या दिसल्या. चार. शेवाळानं भरलेल्या, पण हातानं खोदलेल्या हे नक्की, कारण कडा सरळ होत्या. त्यातलं अंतर जरा विचित्र. माझी ढांग पडायच्या आधीच पुढची पावटी येते, त्यामुळं चढताना पाय अडखळतो.

वर गेलो तर कारवीच्या झुडपांची भिंत. वाट संपली.

म्हणजे ही वाट कुठंतरी जात होती. पन्हाळा-पावनखिंड सोडून या खोऱ्यात अशा वाटा कुणाला माहीत आहेत का? विशाळगड, आंबा, अणुस्कुरा, गगनबावडा, कुठल्याही बाजूच्या चालतील.

कट्टा_गंगावेश

विषय हार्ड. फोटो टाक की भावा.

पायताण_फाटलेला

टाकतो. जागेचं नाव लिहीत नाही, आधीच सांगतो.

सडाफटिंग

चला, कुणीतरी विचारलं. माझ्याकडून चार जागा. या सगळ्या पुस्तकांत, नकाशांत आहेत, त्यामुळं लपवण्यासारखं काही नाही.

अणुस्कुरा. कोल्हापूर, कळे, बाजारभोगाव, करंजफेण करत घाटमाथ्यावर जायचं. गाड्या डांबरी घाटानं सुसाट खाली पाचलला जातात. त्याच डोंगरात येरडवच्या बाजूला उतरणारी जुनी दगडी फरसबंदीची पायवाट आहे. बैलाचा खूर घसरू नये असे दगड बसवलेत. राजापूरच्या बंदरातून माल घाटावर यायचा तो अशा वाटांनी. ऐन पावसात उतरू नका, दगडावर बुळबुळीत थर असतो, मी तिथं बसूनच निम्मी वाट उतरलोय.

पळसंबे. गगनबावडा रस्त्यावरनं आत. गावाजवळ ओढा आहे आणि ओढ्याच्या पात्रातच सुटे पडलेले मोठाले खडक कोरून केलेलं रामलिंग. लेणी म्हणावीत की देवळं, तुम्ही ठरवा. डोंगराच्या पोटात खोदलेली लेणी सगळ्यांनी बघितलेली असतात, पण पाण्यात बसलेला एकेक खडक आतून पोखरलेला बघून माणूस गप्प होतो. लोक गाडीतनं उतरून दर्शन घेऊन वीस मिनिटांत परत. ओढ्याच्या काठानं वर चालत जा, झाडी अशी आहे की दुपारी दोनला संध्याकाळ वाटते.

बर्की. धबधबा सगळे समोरून बघतात, त्याबद्दल काही बोलत नाही. शनिवार-रविवार जाऊच नका.

माचाळ. हे जिल्ह्याबाहेर, लांजा तालुक्यात. विशाळगडावरून पलीकडं सरळ समोर दिसतं. मधली दरी उतरून चढली की माचाळ, तिथं मुचकुंद ऋषींची गुहा. कृष्णानं काळयवनाला ज्या गुहेत नेलं ती हीच, असं गाववाले सांगतात. आता माचाळला खालनं गाडीरस्ता झालाय.

मलकापूरकर_आबा

पायताण, तुमच्या पावट्या बघितल्या. मी एसटीत वाहक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शाहूवाडीच्या पश्चिमेला मुक्कामी गाडी घेऊन जायचो, म्हणून थोडं लिहितो. टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

तुम्ही मंडळी अनवट वाट म्हणता. आम्ही तिला बाजाराची वाट म्हणायचो. प्रत्येक वाडीला एक तरी होती. त्या वाटेनं हिरडा, मध, कोंबड्या खाली यायच्या आणि मीठ, घासलेट, कापड वर जायचं. आजारी माणूस डोलीतनं त्याच वाटेनं.

मग गावाला एसटी लागली. पहिल्या वर्षी गाडीत हिरड्याची पोती आणि कोंबड्यांची पाटी, माणसं टपावर. लोक मला ओवाळायचे अक्षरशः. आणि ज्या गावाला गाडी लागली त्या गावची वाट तिसऱ्या पावसाळ्यात मोडली. हे मी माझ्या डोळ्यांनी तीन-चार गावांत बघितलं. वाट म्हणजे काय, पायानं आणि खुरानं दाबलेली माती. पाय पडायचे थांबले की आधी गवत येतं, मग रानमोडी, मग कारवी. कारवी आली की झालं.

म्हणजे त्या वाटा मी मोडल्या म्हणा. तिकीट फाडून.

तुमच्या पावट्या कुणाच्या ते जवळच्या वाडीत सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. पुरुषांना नको, बायकांना विचारा. पुरुष बाजाराला बैल घेऊन मोठ्या वाटेनं जायचे. डोक्यावर ओझं घेऊन जवळच्या वाटेनं बायकाच जायच्या.

नाचणीभाकरी

आबा, शेवटचा परिच्छेद वाचून काटा आला. माझी आजी धामोडच्या बाजूची. ती "भाऱ्याची वाट" म्हणायची. आम्हाला वाटायचं भाऱ्या नावाचा कुणी माणूस असेल.

नकाशावाला

धागा उत्तम आहे पण उपयोग काय? प्रत्येक जण "नाव लिहीत नाही" म्हणतोय. जीपीएस ट्रॅक टाका, सगळ्यांना चालू द्या. आबांनीच सांगितलं ना, पाय पडले नाहीत तर वाट मोडते. मग पाय पडू द्या की.

जळूबाई

नकाशावाला, तुमचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. पण ट्रॅक टाकला की दोन माणसं येत नाहीत, दोनशे येतात, आणि एकाच रविवारी येतात. मी एका आयोजकाच्या गटातून (नाव घेत नाही) अशाच एका "नवीन" घळीत गेले होते. पुढच्या पावसाळ्यात परत गेले तर कातळावर ऑइलपेंटनं बाण, पाण्यात थर्माकोलच्या प्लेटा, आणि डोहाच्या काठाला जिथं गुरं पाणी पितात तिथं फुटकी काच. गावातल्या एका बाईच्या म्हशीचा खूर चिरला होता. तिनं आम्हाला काही म्हटलं नाही, फक्त काच उचलून दाखवली.

बाजाराच्या वाटेला रोजचे वीस पाय लागतात. वर्षातून एकदाचे चारशे पाय म्हणजे चिखल.

नकाशावाला

मान्य. पण मग शोध-बचाववाल्यांना बोलावायची वेळ आली तर त्यांनी कुठं शोधायचं? निदान घरी, गावच्या पोलीस पाटलाला तरी कुठं चाललोय हे सांगून जा. आणि वन खात्याचं बघा. विशाळगड, पन्हाळगड हा पट्टा संवर्धन राखीव आहे, आंब्याच्या उत्तरेला चांदोलीचं व्याघ्र राखीव लागतं. दाजीपूर पावसाळ्यात बंद असतं. परवानगी न घेता घुसायचं आणि वर "अनवट" म्हणून लिहायचं, हे मला पटत नाही.

जळूबाई

यावर मात्र शंभर टक्के.

सडाफटिंग

पटलं. दंड भरलेला माणूस म्हणून सांगतो.

पोथीपुराण

विषयाला थोडा फाटा. सडाफटिंगनी राजापूरचं नाव काढलं म्हणून. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा-दारूगोळा घेऊन वर आला आणि गडावर मारा केला. म्हणजे बंदरावरून अवजड तोफा कुठल्या ना कुठल्या घाटवाटेनं पन्हाळ्यापर्यंत आल्याच. त्यानंतर १२ जुलैच्या रात्री महाराज गडावरून निसटले, शिवा काशिदांनी पालखीत बसून शत्रूला गुंतवलं, दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत, म्हणजे पुढं जिला पावनखिंड म्हणू लागले तिथं, बाजीप्रभूंनी खिंड अडवली. पुढच्या वर्षी, १६६१ मध्ये, राजापूरची वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टन कैदेत पडला.

घोडखिंड नेमकी कोणती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, तो वाद इथं नको. पण एवढं बघा की पन्हाळ्याहून विशाळगडापर्यंत भर पावसात, रात्रीच्या अंधारात सुमारे सहाशे माणसं गेली ती वाट माहीत असलेल्यांच्या जिवावर. ती वाटही तेव्हा कुणाची तरी रोजची वाट असणार.

कट्टा_गंगावेश

पोथीपुराण, फाटा कसला, हा तर हायवे झाला. पण मस्त.

गव्यांचं कुणी बोलंना? मागच्या डिसेंबरात दाजीपूरच्या बाजूला सकाळी वळणावर एकदम समोर. नुसता श्वास ऐकू येत होता. मी आणि मित्र झाडामागं आणि तो निवांत रवंथ करतोय. पंचवीस मिनिटं. शेवटी मित्राला शिंक आली आणि गवा आमच्याकडं असं बघून गेला जणू आम्हीच त्याच्या दारात आलोय. तसं आलोच होतो म्हणा.

ओलं_घोंगडं

वाचतोय पहिल्यापासून. घळीत उतरणाऱ्यांसाठी एक अनुभव, यात मी शहाणपणा केला नाही हे आधीच कबूल.

आंब्याच्या बाजूला, ऑगस्ट. आम्ही अकरा जण. सकाळी ओढा ओलांडला तेव्हा पाणी गुडघ्याखाली, तळातले गोटे मोजता येतील इतकं नितळ. दुपारी परत आलो तेव्हाही तसंच. आमच्या डोक्यावर ऊन होतं, खरंच ऊन, कपडे वाळत होते. पलीकडच्या काठावर एक आजी गुरं घेऊन उभ्या होत्या. त्या ओरडून म्हणाल्या, "आत्ता येऊ नगासा, माथ्यावर पडतोय." आम्ही हसलो. आयोजक म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे.

पाच जण ओलांडून गेले. सहावा पात्राच्या मधोमध असताना पाण्यावर आधी काटक्या आणि वाळलेली पानं आली. मग पाण्याचा रंग बदलला. नितळ पाणी बघता बघता गुळाच्या काकवीसारखं. मग आवाज. पाण्याचा नाही, पाण्याखालून दगड गडगडत येतात त्याचा, पोटात ऐकू येतो तो. सहाव्याला दोघांनी सॅकच्या पट्ट्याला धरून ओढलं. तो वाचला, सॅक गेली.

उरलेले आम्ही पाच जण अलीकडं, संध्याकाळी साडेसहापर्यंत. साडेचार तास. थंडीनं दात वाजतायत आणि पलीकडं आजी बसून. त्यांनी गुरं पुढं घालवली पण स्वतः गेल्या नाहीत. पाणी उतरल्यावर काठी टाकून खोली बघून मगच "आता या" म्हणाल्या.

कारण साधं आहे. पाऊस घाटमाथ्याच्या कडेवर कोसळतो, आपण असतो दोन-चार किलोमीटर अलीकडं. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या पठारावर, माती नाही, जांभा आणि कातळ, त्यामुळं पाणी मुरत नाही, सगळं एकदम ओढ्यात येतं. आणि घळ अरुंद, पसरायला जागा नाही, म्हणून वर चढतं. तुमच्या डोक्यावर काय आहे ते बघून उपयोग नाही, माथ्याकडं बघा. काटक्या दिसल्या की मोबाईल, सॅक, चप्पल काही न बघता काठावर.

सडाफटिंग

हे वाचून मी माझं वरचं "पळसंब्याला ओढ्याच्या काठानं वर जा" मागं घेतो. पावसाळ्यात नको. दिवाळीनंतर जा.

डॉक्टरीण_बाई_कदमवाडी

जळवांबद्दल दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहिते. ओढून काढू नका. नखानं तिचं बारीक तोंड बाजूनं सोडवा, मग दुसरं टोक. मीठ, तंबाखू, चुना यानं ती सुटते हे खरं, पण सुटताना जखमेत पोटातलं ओकते, म्हणून मी सांगत नाही. रक्त बराच वेळ वाहतं ते तिच्या लाळेतल्या हिरुडिनमुळं, रक्त गोठू देत नाही ते. घाबरू नका, दाबून धरा, घरी आल्यावर साबणानं धुवा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र पावसाळ्यात या रानात जाऊच नका.

पँट मोज्यात खोचा. दिसायला वाईट दिसतं, पण तिथं कोण बघतंय.

कट्टा_गंगावेश

जळवा बघतायत.

पायताण_फाटलेला

धागा वर काढतोय. दिवाळी झाली, पाणी उतरलं, आणि मी आबांचं ऐकून परत गेलो. यावेळी घळीत आधी उतरलो नाही, आधी वाडीत गेलो.

वाडीत सहा उंबरे, त्यातले दोन बंद. पोरं मुंबईत नाहीतर कोल्हापुरात एमआयडीसीत. सरपंचांच्या घरी सांगितलं कशाला आलोय. त्यांना पावट्या माहीतच नव्हत्या. माझ्याएवढेच आहेत ते. म्हणाले, शेवटच्या घरात म्हातारी आहे, तिला विचारा.

आजी ओसरीत नाचणी पाखडत होत्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले, मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"चारच? सहा हुत्या."

मग सांगितलं. लग्न होऊन आल्या त्या वर्षी हिरड्याचं पोतं डोक्यावर घेऊन त्या घळीतनं बाजाराला निघाल्या होत्या. सासू पुढं, ह्या मागं. कातळावर पाय सरकला. त्या अडकल्या एका मुळीला, पण पोतं सुटलं आणि थेट डोहात. पोतं म्हणजे महिन्याभराचं मीठ, तिखट आणि एक लुगडं. सासू दिवसभर बोलली. सासरा काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पहार घेऊन गेला. "शिमग्यापतोर ठोकत हुता. रोज उलीउली."

मी विचारलं, पावट्या इतक्या जवळजवळ का? मला चढताना पाय अडखळतो.

आजी हसल्या. उठून उभ्या राहिल्या. माझ्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

"तुझ्यासाटनं न्हाईत केल्या त्या."

सासऱ्यानं त्यांना कातळापाशी नेऊन उभं केलं होतं म्हणे. पाय टाक म्हणाला, आणि जिथं पाय पोचला तिथं कोळशानं खूण केली.

चहा झाला, भाकरी आणि खर्डा झाला, पैसे दिले तर घेतले नाहीत, मग पुढच्या वेळी गोडेतेलाची पिशवी आणतो म्हटलं, त्याला मान हलवली. जाताना परत घळीत उतरलो. खालच्या दोन पावट्या दिसत नाहीत कारण पुरानं तिथं गाळ आणि गोटे भरलेत. काठीनं खुपसून बघितलं, एक हाताला लागली.

फोटोसाठी मागू नका. आजींनी "माझा नको काढू, पावट्यांचा काढ" असं सांगितलंय.

नाचणीभाकरी

कोळशाची खूण. बास, मी आज दुसरं काही वाचणार नाही.

नकाशावाला

ट्रॅक नको. जागेचं नावही नको. पण गाळ काढायला माणसं लागत असतील तर मी येतो. वरची कारवी थोडी बाजूला करता येईल का, सरपंचांना आणि वन खात्याला विचारून?

पायताण_फाटलेला

कारवीला हात लावायचा नाही, सरपंचांनी स्पष्ट सांगितलंय, ती वन खात्याची हद्द. पावट्यांपर्यंतची बाजू गावची आहे, तिथला गाळ काढा म्हणाले. पाच जणांपेक्षा जास्त नको.

मलकापूरकर_आबा

मला धरून पाच करा. गुडघे दुखतात, पण काठावर बसून माथ्याकडं लक्ष ठेवीन. रविवारी सकाळी साडेसहाला मलकापूर स्टँडवर थांबतो, तिकडनं गाडीत घ्या. खुरपं आणि घमेलं आणा. पहार आणू नका, कडा फुटतील.

पायताण_फाटलेला

घमेली दोन आहेत. गोडेतेल कोण आणतंय?

कट्टा_गंगावेश

मी. पाच लिटरचा डबा.